दोघींपुरती ऊब

१ नोव्हेंबर

मला रोजनिशी लिहायची सवय नाही. धाकट्या बहिणीच्या डॉक्टरांनी अट घातली म्हणून लिहिते आहे. धाकटीची फुप्फुसं दोन वर्षांत इतकी नाजूक झाली आहेत की नव्या रंगाचा आणि नव्या लाकडाचा वास तिला चालणार नाही. तेव्हा या घरात आधी दुसऱ्या कुणीतरी महिनाभर राहावं, हवेची आणि तापमानाची रोज नोंद ठेवावी, आणि ती पाहून मगच तिला इथे आणायचं की नाही ते ठरवू, असं ते म्हणाले. दुसरं कुणीतरी म्हणजे अर्थात मी. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. नोंद कशी ठेवतात हे मला कुणी शिकवायला नको.

आज सकाळी दहाला सामान घेऊन आले. घर भाच्याने बांधलंय, धाकटीच्या मुलाने. तो आर्किटेक्ट आहे. दोन घरांच्या मधे अकरा फुटांची पट्टी होती, तिथे पूर्वी गाड्या उभ्या राहायच्या. शेजारी म्हणे त्याला विचारायचे, इथे काय कपाट बांधतोस का. त्याने तीन मजले उभे केले. तळाला स्वयंपाकघर आणि टेबल, पहिल्या मजल्यावर धाकटीची खोली, म्हणजे तिला एकच जिना चढावा लागेल, आणि वर माझी. जिन्याच्या प्रत्येक पायरीत ड्रॉवर आहे. जिन्यावर छतात खिडकी आहे, तिच्यातून दुपारी उजेड थेट खालच्या टेबलापर्यंत उतरतो. भिंती हातभर जाड, आत जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा भरलेला. खिडक्यांना तीन-तीन काचा. पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाकीत जातं, तेच संडासाला वापरायचं. एक इंच जागा वाया गेलेली नाही. घर मला आवडलं. हे मी त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

घरात हीटर नाही. मी विचारलं, थंडीत काय शेकोटी करायची? तेव्हा त्याने मला टेबलाशी बसवून गणित समजावलं. घराला कुठेही फट नाही, त्यामुळे ऊब बाहेर जात नाही. हवा बदलायला जिन्याखाली एक यंत्र आहे, ते जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देतं. मग ऊन, शेगडी, दिवे आणि माणसं एवढ्यावर घर गरम राहतं. बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, म्हणाला. मी म्हटलं, तुझे काका असते तर तुझं गणित चुकलं असतं, ते झिरोचा बल्ब होते. खूप हसला.

हिशेब त्याने दोन माणसांचा धरलाय, माझा आणि धाकटीचा. यंत्रातही राहणारी माणसं दोन अशी नोंद केली आहे. ती येईपर्यंत एका माणसाची ऊब कमी पडेल, तेव्हा स्वेटर घाल मावशी, म्हणाला. मला थंडीचं काही वाटत नाही.

४ नोव्हेंबर

यंत्राच्या काट्यावर विश्वास ठेवण्याआधी तो आपल्या काट्याशी पडताळून पाहायचा, ही माझी सवय. निवृत्त होताना खात्याने दिलेले दोन प्रमाणित थर्मामीटर मी बरोबर आणले आहेत. भिंतीवरच्या पॅनेलशी ते तंतोतंत जुळतात.

पॅनेलवर प्रत्येक खोलीसाठी आणखी एक आकडा असतो. माणसाच्या उच्छ्वासातला वायू हवेत किती साठलाय, ते तो सांगतो. बाहेरच्या हवेत तो चारशेवीसच्या आसपास. मी खाली टेबलाशी तासभर बसले की सहाशेच्या पुढे जातो. बाजारात जाऊन आले की पुन्हा चारशेतीस. म्हणजे माणूस कुठे बसलंय हे घराला श्वासावरून कळतं. पोलिसांनी ठेवावं असं यंत्र आहे.

आज तापमान २१. लाकडाचा वास थोडा आहे, बोचत नाही.

१० नोव्हेंबर

तापमान २१. वास कमी झाला. धाकटीचा फोन आला. बोलण्यापेक्षा खोकलाच जास्त होता. ती राहते त्या चौथ्या मजल्याखाली मोठा रस्ता आहे, खिडकी उघडली की धूळ, बंद केली की कोंडमारा. या हिवाळ्यात तिची जागा बदलली नाही तर डॉक्टर काही सांगू शकत नाहीत. हे ती मला सांगत नाही, भाच्याने सांगितलंय.

म्हणाली, ताई, घराकडे दुकानासारखं बघू नकोस, सील ठोकून येशील. मी म्हटलं, सगळं बरोबर निघालं तर ठोकणार नाही. त्यावर इतकी हसली की पुन्हा खोकला लागला. मग मीच फोन ठेवला. बोललं की तिला त्रास होतो.

तिच्या खोलीतला पलंग आज लावला. नवी चादर घातली, दार ओढून घेतलं.

१७ नोव्हेंबर

तीन दिवस कडाक्याची थंडी आहे. बाहेर दोन. भाच्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणे, बाहेर दोन असताना आणि घरात एकच माणूस असताना आत साडेसतरा असायला हवं. तीन दिवस स्वेटर उशाशी घेऊन बसले आहे. आत २१ आहे. पॅनेलवर २१, माझ्या दोन्ही थर्मामीटरवर २१.

भाच्याला कळवलं. आधी खूश झाला, मग त्याने विचारलं, दिवसभर काही भाजत असतेस का? मी दोन वेळा चहा करते आणि एकदा स्वयंपाक, तोही एकटीचा. ऊन तर तीन दिवस दिसलेलं नाही. त्याने पुन्हा आकडेमोड केली आणि म्हणाला, शंभर वॅट जास्त येतात कुठून तरी, पण तक्रार कसली करतेस, चांगलंच आहे.

चांगलं म्हणून सोडून द्यायची मला सवय नाही. आमच्याकडे नियम होता, हिशेब जुळत नसेल तर आधी काटा तपासा. काटा ठीक निघाला तर माल तपासा.

२० नोव्हेंबर

यंत्रवाला आला होता. जाडजूड, बोलका माणूस. आल्याआल्या म्हणाला, बाई, लोक घर गार पडलं म्हणून बोलावतात, गरम आहे म्हणून बोलावणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

आम्ही दोघं खाली होतो. वरच्या माझ्या खोलीचा आकडा चारशेतीस, म्हणजे रिकामी. धाकटीच्या खोलीचा सहाशेचाळीस. तिचं दार दहा दिवस बंद आहे.

सेन्सर बिघडला असेल, म्हणाला. मी त्याला दोन्ही खोल्यांतले सेन्सर काढून अदलाबदल करायला लावली. बिघाड सेन्सरमधे असेल तर तो सेन्सरबरोबर वरच्या खोलीत जाईल. एक तास थांबलो. आकडा गेला नाही. धाकटीच्या खोलीतच राहिला.

त्याने थट्टा करून पाहिली, भाडेकरू ठेवलाय वाटतं गुपचूप. मी हसले नाही, मग तोही थांबला. आम्ही मिळून घर पाहिलं. पायऱ्यांचे ड्रॉवर, कपाटं, पलंगाखाली, छतावर. अकरा फुटांच्या घरात मांजर लपायला जागा नाही. चहा अर्धा टाकून गेला. जाताना कागदावर सही केली, दोष आढळला नाही.

धाकटी येण्याआधी हे काय आहे ते मला कळलं पाहिजे. तिला मी संशयाच्या घरात आणणार नाही.

२२ नोव्हेंबर

दुपारी बारा ते एक धाकटीच्या खोलीत दार लावून बसले. स्वच्छ उजेड होता. पलंग, खुर्ची, खिडकी, मी. दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. एका माणसाने तो ज्या वेगाने चढतो त्याच्या दुप्पट वेगाने चढला.

मग पलंगावर हात ठेवला. चादरीला एक सुरकुती नाही. कडेला गार होती, मधे कोमट. थर्मामीटर पांघरुणाखाली सरकवला. कडेला २१. मधे ३३.

नोंद केली. दार लावून खाली आले आणि भांडी घासली.

भीती वाटायला हवी होती. वाटत नाही. हात पाण्यात होते तेही उशिरा कळलं.

२५ नोव्हेंबर

विचार करून एका निष्कर्षावर आले आहे, तो लिहिते. घर दोन माणसांसाठी जुळवलं. यंत्रात दोन लिहिलं. राहायला आली एक. खोटी नोंद आहे ही. दुकानात माल एक पोतं आणि वहीत दोन असं असलं की दुकानदार काय करतो, मी चौतीस वर्षं पाहिलंय. तो वही दुरुस्त करत नाही. कुठून तरी दुसरं पोतं आणून ठेवतो.

घराने तेच केलंय.

मग नोंद दुरुस्त केली की मिटलं. भाच्याला फोन करून सांगितलं, यंत्रात राहणारी माणसं एक कर. म्हणाला, मावशी, आई दहा दिवसांत येईल, कशाला? मी म्हटलं, आहे तेवढंच लिहावं. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. दुपारी चारला त्याने कार्यालयातूनच एक केलं.

पॅनेलवर पाहिलं. राहणारी माणसं : १.

बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर

सकाळी सात ते नऊ खाली टेबलाशी बसले. चहा, वर्तमानपत्र. खालचा आकडा चारशेतीस. दोन तास हलला नाही.

धाकटीच्या खोलीचा सहाशेदहा.

पॅनेलसमोर उभी राहिले. तोंड जवळ नेऊन श्वास सोडला. पुन्हा सोडला. चारशेतीस.

चूक माझी आहे. मी एक लिहायला सांगितलं, कोण ते लिहिलं नाही. घराने एक ठेवली. ती मी नव्हे.

भाच्याला फोन केला, पुन्हा दोन कर. म्हणाला, आवाज फार लांबून येतोय मावशी, पण करतो. केलं. पॅनेलवर २ आहे. माझा आकडा तरीही चढत नाही.

दुसरी जागा माझी राहिलेली नाही. ती येणाऱ्या माणसासाठी राखून ठेवली आहे.

२७ नोव्हेंबर

धाकटीला फोन केला. नीट सांगायचं ठरवलं होतं. एवढंच म्हटलं, येऊ नकोस.

ती हसली. म्हणाली, ताई, काल तूच फोन करून म्हणालीस की खोली उबदार आहे, लवकर ये. दोनदा म्हणालीस. वय झालं बाई तुझं.

मी काल तिला फोन केला नव्हता.

तसं सांगितलं. ती हॅलो, हॅलो करत राहिली. मग खोकला. मग फोन बंद.

२८ नोव्हेंबर

बाहेर शून्य. चौकातल्या थांब्यावर उभी राहिले. सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. बसची वाट पाहणारी बाई, तिचं बाळ, पेपरवाला. माझ्या तोंडून नाही.

पायांत चपला होत्या. मोजे विसरले होते. कळलं नाही.

घरी येऊन थर्मामीटर जिभेखाली धरला. पाच मिनिटं. २१.

खोलीत होतं तेवढंच.

२९ नोव्हेंबर

धाकटीच्या घरी चालत गेले. चार मजले चढले, धाप लागली नाही. घंटा वाजवली. भाच्याने दार उघडलं. माझ्या डोक्यावरून जिन्याकडे पाहिलं. आतून धाकटीने विचारलं, कोण आहे रे? म्हणाला, कुणी नाही, घंटा बिघडलीय.

मी त्याचं नाव घेतलं. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, गार वारा आला म्हणून. दार लावलं.

आत तिच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या दिसल्या. तिचा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. भाता फाटल्यासारखा.

परत आले. दुसरीकडे कुठे जायचं ते —

२ डिसेंबर

आली.

भाचा हात धरून घेऊन आला. मी जिन्यात उभी होते. ती दारातच थांबली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीकडे बघून म्हणाली, अगं ताई, किती तजेलदार दिसतेस, हे घर तुला मानवलं. मग थांबली. मग हसली, उत्तर ऐकल्यासारखी.

खुर्ची रिकामी होती. मला आवाज ऐकू आला नाही. त्यांना येत होता.

भाचा म्हणाला, मावशीने आज चक्क माझं कौतुक केलं, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ही वही मी मुद्दाम टेबलावर उघडी ठेवली होती. त्याने चाळली. म्हणाला, पंचवीस तारखेपर्यंत फर्स्टक्लास नोंदी आहेत, पुढची पानं कोरी, कंटाळलीस वाटतं. असू दे, यंत्रात सगळं आहे, डॉक्टरांना तेच दाखवलं.

कोरी.

मी त्याच पानावर बोट ठेवून उभी होते —

३ डिसेंबर

खाली ६९०. दोघींचा.

घरात तिघी आहोत. घर दोघींचं आहे. थंडी मला आता बाहेरून येत नाही —

यंत्राचा खटका जिन्याखाली आहे. मी तो दाबू शकते. खटक्याला माझं बोट लागतं, पाहिलं. हवा बंद होईल. दोन तासांत कोंडेल, धाकटीचा जीव घाबरेल, भाचा तिला इथून घेऊन जाईल. परत आणणार नाही. खटक्यावर बोट ठेवलं आणि ऐकलं.

ती वर जिना चढत होती. बारा पायऱ्या. कठड्याला धरून थांबली नाही. वर पोचल्यावर कुणाशी तरी बोलत होती, वाक्यं पुरी करत. दोन वर्षांत जिना चढून आल्यावर तिचं एक पुरं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

सकाळपासून ती एकदाही खोकली नाही.

बोट काढलं.

४ डिसेंबर

तिच्या गालांवर रंग आला आहे. पलंगावर दुपारची झोपली होती. शेजारी उशीवर खळगा. पांघरूण त्या बाजूनेही वर-खाली —

ते तिला काही इजा करत नाही. बघितलं. चार तास उभी राहून बघितलं. तिच्या पाठीवरून पांघरूण सरकलं तर पुन्हा ओढून घालतं.

मी कधी —

पेन उचलायला दोन्ही हात लागतात.

५ डिसेंबर

जागा सोडताना पदभार लेखी द्यावा, तोंडी नाही. खाली नोंद करते. देणारी मी. घेणारी, धाकटीच्या खोलीतली.

१. घराच्या किल्ल्या, दोन. धाकटीच्या गोळ्यांची डबी, सकाळच्या पांढऱ्या, रात्रीच्या पिवळ्या. पिवळ्या ती लपवते, गिळेपर्यंत समोर बसावं.

२. तिचे केस. मागच्या बाजूला तिचा हात पोचत नाही. मागणार नाही. आपण कंगवा घेऊन जावं.

३. तिची भीती. अंधाराची नाही, एकटं जेवायची. ताट घेऊन समोर बसावं, भूक नसली तरी.

४. तिचा राग. रुसली की दोन-दोन दिवस बोलत नाही. तेव्हा मोठ्या बहिणीने आधी बोलायचं असतं. साठ वर्षांत मी एकदाही आधी बोलले नाही. ते सुरू करावं.

५. भाचा. त्याला घर चांगलं झालंय म्हणून सांगायचं राहिलं. सांगितलंय असं कळतं. नोंद रद्द.

६. ताई हे नाव. ती दिवसातून चाळीस वेळा हाक मारते, निम्म्या वेळा काही काम नसतं. दर वेळी ओ द्यावी. आत्ताच मारली, खालून. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधीच